शुक्रवारचा सिनेमा, गुरुवारचा प्रेक्षक

पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक भागातल्या कितीतरी कारखान्यांना गुरुवारी सुटी असते. सगळ्या उद्योगांनी एकाच वारी यंत्रं थांबवली तर विजेच्या मागणीचा तोल बिघडतो. म्हणून औद्योगिक वसाहतींना सुटीचे वार वाटून देण्याची पद्धत पडली आणि या पट्ट्याकडे गुरुवार आला. सिनेमा मात्र शुक्रवारी लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत तिकीटबारीवर काय झालं ते बघून सोमवारपासून खेळांची फेरवाटणी सुरू होते. ज्याचे आकडे पडले त्याचे खेळ दोन-तीन दिवसांत कमी होत जातात. गुरुवारी भोसरीतला सीएनसी ऑपरेटर बायकोमुलांना घेऊन निघायचं म्हणतो, तेव्हा त्या सिनेमाचा उरलासुरला खेळ शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो, नाहीतर रात्री उशिराचा असतो; आणि शुक्रवारी सकाळी सातला त्याला कामावर हजर व्हायचं असतं. सिनेमाबद्दल या माणसाला मत असतं आणि ते ठाम असतं. पण त्याने ते द्यायच्या आत निकाल लागून गेलेला असतो.

नव्या सिनेमांवर आणि मालिकांवर कंपनीच्या बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, खानावळीत, चहाच्या टपरीवर जे बोललं जातं, त्याकडे आपण वेळ घालवायच्या गप्पा म्हणून बघतो. वर्तमानपत्रात छापून आलेला तो विचार आणि टपरीवर बोलला गेला तो टाइमपास, अशी सोयीची वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. जाता जाता दिलेलं हे मत ही मराठी सिनेमाला लाभलेली सगळ्यात जबाबदार समीक्षा आहे. तिच्यात उणिवा आहेत, पण त्या दूर करता येण्याजोग्या आहेत. सिनेमाच्या धंद्याने मात्र ही समीक्षा ऐकून घ्यायची सोयच केलेली नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका मराठी सिनेमाला बसतो आहे.

दोन पाळ्यांच्या मधलं बोलणं

साधारण साडेतीनला पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत येते. पंचिंग आणि बस यांच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत सिनेमाचं बोलणं होतं ते असं: ‘बघितला का? कसा आहे?’ ‘पहिला हाफ जरा स्लो आहे, पण सेकंड हाफ भारी. वहिनींना घेऊन जा, लहान पोरं मात्र कंटाळतील. मोबाइलवर नको बघू, थिएटरलाच जा.’ बोलणं एवढंच. पण त्यात चार निर्णय आहेत. पहिला रचनेविषयी: कथा कुठे रेंगाळते आणि कुठे पकड घेते. दुसरा प्रेक्षकाविषयी: हा सिनेमा कोणाबरोबर बघण्याजोगा आहे. तिसरा माध्यमाविषयी: यातला आवाज आणि दृश्यं मोठ्या पडद्याशिवाय कळणार नाहीत. चौथा न बोलता दिलेला: तुझ्यासारख्या पगाराच्या माणसाने यावर पैसे घालावेत की नाही. समोरचा कुठल्या पाळीत आहे, घरी कोण कोण आहे, गावाकडून वडील आलेत का, मागच्या महिन्यात किती जादा काम मिळालं, हे सगळं सांगणाऱ्याला ठाऊक असतं. इतक्या नेमक्या माणसासाठी इतकं नेमकं मत छापील समीक्षा देऊ शकत नाही, कारण आपला वाचक कोण हेच समीक्षकाला माहीत नसतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे हे मत देणारा दुसऱ्या दिवशी त्याच लाइनवर भेटणार असतो. चौघांचं तिकीट, मध्यंतरातलं खाणं, जाण्यायेण्याचा रिक्षाचा किंवा पेट्रोलचा खर्च आणि आठवड्याची एकुलती एक सुटी, एवढं सगळं त्याच्या शब्दावर खर्च झालेलं असतं. मत चुकलं तर तोंडावर ऐकावं लागतं, आणि दोन-तीनदा चुकलं की पुढच्या वेळी कोणी विचारत नाही. तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपवरच्या हजारो टाळ्यांना किंवा पाचपैकी साडेतीन ताऱ्यांना असं कोणालाही तोंड दाखवावं लागत नाही. तारे कोणी दिले, कशासाठी दिले, पैसे घेऊन दिले की आवडला म्हणून दिले, हे शोधायला वाचकाकडे मार्ग नसतो. समीक्षेची विश्वासार्हता शेवटी तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर ठरते, आणि टपरीवरच्या मतामागचा माणूस ओळखीचा असतो.

या पट्ट्यात अशा मतांना आणखी एक वजन आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, आणि २००९ नंतर चाकणला देशीविदेशी गाड्यांचे मोठे कारखाने एकामागून एक उभे राहिले. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे १० लाख होती, ती २०११च्या जनगणनेत सव्वासतरा लाखांवर गेली. इथला कामगार मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला आहे. चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी इथल्या खोल्यांत तीन-चार जण मिळून राहतात आणि एकाच मोबाइलवर किंवा टीव्हीवर बघतात. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं गाव दाखवणारी ‘पंचायत’ तिकडून आलेला मुलगा एका नजरेने बघतो आणि लातूरचा दुसऱ्या. एकाला तपशिलातली चूक खटकते, दुसऱ्याला ग्रामसचिवाची लाचारी आपल्या तलाठ्याची आठवण करून देते. ‘पुष्पा २’सारखा तेलुगूतून आलेला सिनेमा डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी रूपात सगळीकडे पोहोचला, त्यामागे जाहिरातीइतकंच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जाणारं हे खोलीतलं बोलणंही होतं. छापील समीक्षा एका भाषेच्या वाचकापुरती राहते. हे बोलणं मात्र मिश्र मराठी-हिंदीत होतं आणि जिल्ह्यांच्या, राज्यांच्या सीमा ओलांडून जातं.

मालिकांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक दिसतो. वाहिन्यांचं भवितव्य ठरवणारे ‘बार्क’चे आकडे दर आठवड्याला गुरुवारी येतात. देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत बसवलेली मीटर कोणती वाहिनी किती वेळ चालू होती ते मोजतात. मीटरला एवढंच कळतं. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ‘आई कुठे काय करते’ जवळपास पाच वर्षं चालली. तिच्याविषयी घराघरांत जे बोललं गेलं त्यात कौतुक होतं आणि वैतागही होता: नायिका अरुंधती घराबाहेर पडली ते बरं झालं, पण आता कथानक उगाच ताणताहेत, बघते, पण पटत नाही. ‘बघते पण पटत नाही’ ही समीक्षा आहे, आणि तिच्यासाठी मीटरमध्ये जागाच नाही. ते वैतागून बघणाऱ्या बाईलाही रंगून बघणारी म्हणूनच मोजतं. मग वाहिनीला वाटतं की प्रेक्षकाला ताणलेलंच आवडतं, आणि पुढची मालिका आणखी ताणली जाते.

दुसऱ्या आठवड्याचा पुरावा

सहज दिलेल्या मताची ताकद बघायची तर सिनेमाच्या दुसऱ्या आठवड्याकडे बघावं लागतं. पहिला आठवडा जाहिरात, नट-नट्या आणि गाणी यांच्या जोरावर जातो. दुसऱ्या आठवड्यात बघून आलेल्यांचा शब्द चालतो. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. त्यात तरुण नायक-नायिकेची जोडी नव्हती. मध्यमवयाच्या पलीकडच्या सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा होती. त्याच्या दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त झाली, आणि पुढे एकूण कमाई ७० कोटींच्या पलीकडे गेली. बायका गट करून, नऊवारी नेसून थिएटरला गेल्या. त्यांना कोणा समीक्षकाने पाठवलं नव्हतं. आधी जाऊन आलेल्या जावेने, शेजारणीने, भिशीतल्या मैत्रिणीने पाठवलं होतं. २०१६चा ‘सैराट’ ८० कोटींच्या पुढे गेला तोही दोन अनोळखी चेहऱ्यांच्या बळावर. जुलै २०२५ मध्ये आलेला ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट पहिल्या दिवशी जेमतेम दोन कोटींच्या आसपास होता आणि पुढे कित्येक आठवडे हलला नाही. या तिघांत विषय, भाषा, तंत्र काहीच समान नाही. समान आहे तो एवढाच घटक की लोकांचं मत पोहोचेपर्यंत ते थिएटरात टिकले.

टिकायला मिळालं नाही तर काय होतं, तेही २०२५ सालीच दिसलं. १८ जुलैला हिंदी ‘सैयारा’ आणि मराठी ‘ये रे ये रे पैसा ३’ एकाच दिवशी लागले. ‘सैयारा’ला गर्दी लोटली आणि मराठी सिनेमाचे खेळ मल्टिप्लेक्समधून कमी झाल्यावरून राजकीय वाद पेटला. दोन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी सिनेमे एकाच शुक्रवारी आले. दिलीप प्रभावळकरांच्या ‘दशावतार’ने चांगली मजल मारली, पण तिन्ही सिनेमे पहिल्या तीन-चार दिवसांत बघू शकेल असा प्रेक्षक कुठून आणायचा? मराठी सिनेमाचा मोठा प्रेक्षक नोकरदार आणि कष्टकरी आहे. त्याची सुटी आठवड्यातून एक आणि सिनेमाचा खर्च महिन्यातून एकदा झेपणारा. त्याला वेळ दिला तर तो निवडतो. वेळ दिला नाही तर तो थांबतो, आणि थांबलेला प्रेक्षक हिशेबात ‘आला नाही’ म्हणून लिहिला जातो.

सरकारी उपायांनीही पाळीचा विचार केलेला नाही. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी प्राइम टाइममध्ये जागा द्यायला सांगितलं, आणि चर्चेनंतर हा काळ दुपारी १२ ते रात्री ९ असा धरला गेला. हेतू चांगला होता. पण दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात साडेतीन ते मध्यरात्र कामावर असणाऱ्याला या सगळ्या काळात एकही खेळ बघता येत नाही. बाराचा खेळ संपेपर्यंत त्याची बस निघून गेलेली असते. पहिल्या पाळीवाल्याला पाच-सहाचा खेळ मिळू शकतो, रात्री नऊचा नाही, कारण पहाटे पाचला उठायचं असतं. दुसऱ्या पाळीवाल्याला खरं तर सकाळी नऊ-दहाचा खेळ सोयीचा, आणि तो प्राइम टाइमच्या बाहेर राहतो. शहराची सोयीची वेळ आणि कारखान्याची सोयीची वेळ एक नसते, एवढी साधी गोष्ट धोरण ठरवताना नजरेतून सुटली.

कामगाराची वेळ आणि सिनेमाची वेळ जुळली की काय घडतं, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मालेगावात यंत्रमागांना सुटी असते शुक्रवारी, म्हणजे नवा सिनेमा लागतो त्याच दिवशी. तिथल्या कामगारांनी सिनेमाचं वेड इतकं जोपासलं की गावातल्या पोरांनी स्वतःच ‘मालेगाव के शोले’सारखे सिनेमे काढले. त्यावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला. मुंबईच्या गिरणगावाचीही हीच गोष्ट. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहाला मराठी सिनेमाचं घर बनवलं ते भोवतालच्या गिरणी कामगारांनी. त्याच परिसरात वाढलेले दादा कोंडके १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ घेऊन आले तेव्हा त्यांना उचलून धरणारा प्रेक्षक पाळीवरून सुटून थेट थिएटरात येणारा होता. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कामगार त्याहून कमी नाहीत आणि सिनेमाची आवडही कमी नाही. कमी आहे ती जुळणी.

चार आक्षेप

पहिला आक्षेप अभिरुचीचा. बहुसंख्यांना जे आवडतं ते उथळ असतं, म्हणून त्यांच्या मताला समीक्षा म्हणू नये, असं म्हटलं जातं. याला उत्तर देहूनेच देऊन ठेवलं आहे. इंद्रायणीकाठच्या तुकोबांवर प्रभात कंपनीने १९३६ मध्ये केलेला ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. तो चालवणारे लोक सामान्य होते. तोच सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. विष्णुपंत पागनीसांचा साधेपणा साध्या प्रेक्षकाला आधी कळला आणि परदेशी परीक्षकांना नंतर. लोकांना नेहमीच उत्तम आवडतं असा दावा मी करत नाही; भिकार सिनेमेही गर्दीने चालतात. पण उत्तम आणि लोकप्रिय यांच्यात उपजत वैर आहे, हे गृहीतक टिकत नाही. ज्याला ‘लोकांना कळत नाही’ म्हणायचं असेल त्याने आधी ते लोकांना सोयीच्या वेळी, परवडेल अशा दरात दाखवलं होतं का, हे सांगायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सहज दिलेलं मत भावनेच्या भरात असतं आणि कधी कधी ते सत्याची जागा घेतं. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ आला. संभाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांशी जोडलेलं तुळापूर भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, आळंदीपासून फार दूर नाही. वढूची समाधी तिथून जवळच. या भागातल्या प्रेक्षकासाठी तो सिनेमा आपल्या अंगणातला होता, आणि थिएटरात गारद आणि घोषणा झाल्या त्या मनापासून झाल्या. पण त्याच सिनेमानंतर मार्च महिन्यात मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात मोगलांचं सोनं पुरलंय म्हणून लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणायला लागले. ‘मला आवडला’ आणि ‘हे असंच घडलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान सुटलं की असं होतं. हा दोष मी नाकारत नाही. मात्र हा दोष फक्त टपरीवरच्या मताचा नाही. सिनेमावाल्यांनी ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणत आणि ‘प्रसंग काल्पनिक’ अशी पाटी लावत दोन्हीकडून मोकळं राहायचं ठरवलं की प्रेक्षक एकटा पडतो. त्याला सावरायचं तर त्याच्याशी बोलायला हवं. त्याचं बोलणं मोडीत काढून हा गोंधळ मिटणार नाही.

आणि अनुभवाने तपासलेलं मत काय करू शकतं, हे ‘मुळशी पॅटर्न’च्या वेळी दिसलं. प्रवीण तरडे यांचा हा सिनेमा नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत शिरतो, ही त्याची कथा. त्याने गुन्हेगारीचं उदात्तीकरण केलं अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. पडद्यावरचा भाई देखणा आणि गाण्यावर नाचणारा होता. पण मुळशीच काय, मावळ आणि खेड तालुक्यातही जमिनी कंपन्यांसाठी, टाउनशिपसाठी गेल्या. एकरकमी पैसा आला, गाड्या आल्या, आणि पाच-सात वर्षांत हातात ना जमीन ना पैसा अशी कुटुंबं इथे कोणाला शोधून काढावी लागत नाहीत. ज्यांनी हे जवळून बघितलं त्यांच्यातला एक जण म्हणतो, आमच्याकडचंच दाखवलंय. दुसरा म्हणतो, खरं आहे, पण पोरांना बापाचं रडणं आठवत नाही, भाईची एन्ट्री आठवते. सिनेमात विषय प्रामाणिक असून मांडणी फसवी असू शकते, हा सौंदर्यशास्त्रातला अवघड प्रश्न या दोन वाक्यांत अचूक पकडला गेला आहे. तो पकडायला पदवी लागली नाही, जमीन गेल्याचा अनुभव पुरला.

तिसरा आक्षेप निर्मात्यांचा: घाईने दिलेल्या मतांनी सिनेमे मरतात. केरळ उच्च न्यायालयात एका प्रकरणात नेमलेल्या न्यायमित्राने २०२४ मध्ये प्रदर्शनानंतर पहिले ४८ तास समीक्षा टाळावी अशी शिफारस केली. त्याच वर्षाच्या शेवटी तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयात पहिले तीन दिवस समीक्षांना मनाई मागितली; न्यायालयाने ती दिली नाही. मोबाइल समोर धरून मध्यंतरातच सिनेमा संपवणाऱ्यांचा त्रास खरा आहे, आणि त्यातले काही पैसे घेऊन बोलतात हेही उघड गुपित आहे. पण तो धंदा आणि ओळखीच्या माणसाला दिलेला सल्ला यांना एका मापाने मोजता येणार नाही. शिवाय बंदी घातली तर पहिले तीन दिवस बोलायला उरेल फक्त जाहिरात, आणि जाहिरातीवर खर्च करायला ज्याच्याकडे पैसा आहे त्याचाच फायदा होईल. छोट्या मराठी सिनेमाकडे तो पैसा नसतो. लोकांचं बोलणं हेच त्याचं भांडवल आहे.

चौथा आक्षेप असा की ओटीटी आल्यामुळे हा प्रश्नच मिटला: गुरुवारी सुटी असली काय आणि रात्रपाळी असली काय, केव्हाही बघा. बघण्यापुरतं हे खरं आहे. नाइट करून आलेला मुलगा सकाळी झोपण्याआधी एक भाग बघतो, बसमध्ये कानात इअरफोन घालून दुसरा. पण प्लॅटफॉर्म मराठी सिनेमा घेताना थिएटरमधल्या कामगिरीकडे बघतात. जो सिनेमा पहिल्या शनिवार-रविवारी पडला त्याला तिथेही भाव मिळत नाही, कधी जागाच मिळत नाही. मग प्रेक्षक टेलिग्रामवर चोरीची प्रत शोधतो, आणि त्याची आवड निर्मात्याच्या हिशेबात शून्य राहते. वेळेची अडचण घरात सुटली, तरी मत मोजलं जाण्याची अडचण तशीच आहे.

मताला कारण हवं

तेव्हा काम दोन्ही बाजूंना आहे. आधी प्रेक्षकाचं. कारखान्यात एखादा पार्ट रिजेक्ट केला तर त्यावर लाल टॅग लागतो आणि टॅगवर कारण लिहावं लागतं: माप जास्त, बर राहिली, भोक सरकलं. ‘पार्ट फालतू आहे’ असं लिहिलेला टॅग कोणी स्वीकारत नाही, कारण त्यावरून पुढचा पार्ट सुधारता येत नाही. सिनेमाबद्दल मात्र तोच माणूस ‘फालतू’, ‘डोक्याला शॉट’, ‘पैसा वसूल’ यावर थांबतो. त्याच्याकडे कारण नसतं असं नाही. मागितलं तर तो देतो. कुठे कंटाळा आला? कोणाचं वागणं पटलं नाही? कुठला प्रसंग घरी गेल्यावरही डोक्यात राहिला? एवढे तीन प्रश्न पुढच्याने विचारले तरी टपरीवरचं मत समीक्षा होतं. ऐतिहासिक सिनेमा असेल तर चौथा प्रश्न जोडावा: हे कुठे लिहिलेलं आहे? ‘छावा’चा मूळ आधार शिवाजी सावंतांची कादंबरी होती, एवढं माहीत असलं तरी कादंबरी आणि इतिहास यांच्यातलं अंतर लक्षात राहतं.

आता धंद्याचं काम. मराठी निर्माते प्रचारासाठी कॉलेजांत आणि मॉलमध्ये जातात, तसे त्यांनी कंपन्यांच्या कँटीनमध्ये आणि कामगार वसाहतींत जायला हवं. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं लांडगे नाट्यगृह ही महापालिकेची सभागृहं कामगारांच्या गावात आहेत. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी इथल्या कामगाराला रंगमंचावर उभं राहायला कित्येक वर्षं शिकवलं आहे. त्याच्याशी सिनेमावर जाहीर चर्चा ठेवली तर तो बोलेल. मल्टिप्लेक्सवाल्यांनी या पट्ट्यापुरते तरी सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी पाच हे दोन खेळ मराठीसाठी धरावेत, आणि सिनेमा उतरवण्याचा निर्णय पहिल्या रविवारऐवजी पहिल्या गुरुवारनंतर घ्यावा.

याहून सोपा मार्गही आहे आणि तो धंद्याच्या सवयीतलाच आहे. मोठे हिंदी सिनेमे प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिकीट लावून पूर्वखेळ करतात. ‘स्त्री २’ने १४ ऑगस्ट २०२४ रोजी तेच केलं. शुक्रवारी येणाऱ्या सिनेमाची आदली संध्याकाळ म्हणजे गुरुवार. मराठी निर्मात्यांनी आपले पूर्वखेळ पिंपरी, भोसरी, चाकणमध्ये गुरुवारी संध्याकाळी लावले, तर आज सगळ्यांच्या शेवटी मत देणारा प्रेक्षक सगळ्यांच्या आधी मत देईल. शुक्रवारी सकाळी सातला तो लाइनवर उभा असेल, आणि दुपारी साडेतीनला पाळी बदलेपर्यंत सिनेमा कसा आहे हे कारखान्याला कळलेलं असेल. चांगला असेल तर शनिवार-रविवारची तिकीटं हा माणूस विकून देईल, तीही फुकट. वाईट असेल तर तसं सांगेल, आणि तेही निर्मात्याने ऐकून घ्यावं. ज्या सिनेमाला या परीक्षेची भीती वाटते, त्याने प्रेक्षक मिळत नाही म्हणून तक्रार करू नये.